शाई कुठे लागली?

या महिन्यात आलेल्या पत्रांतली चार एकाच विषयावरची निघाली, स्तनाच्या कॅन्सरची गाठ काढल्यावर येणाऱ्या रिपोर्टवरची. म्हणून गुडघे आणि मधुमेह पुढच्या अंकावर ढकलले आहेत. गुडघेवाल्यांनी रागावू नये, त्यांचे दुखणे महिनाभराने असेच राहणार आहे.

नव्या वाचकांसाठी एवढेच सांगते की मी पॅथॉलॉजिस्ट. तीसेक वर्षे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढली, आता फोंड्याजवळ घरच्या कुळागरात सुपारी मोजते. रुग्णांचे चेहरे मी क्वचितच पाहिले, त्यांच्या गाठी मात्र हजारोंनी. त्यामुळे माझी उत्तरे थोडी त्या बाजूने येतात. तुमचा सर्जन तुम्हाला ओळखतो, मी तुमचा नुसता कागद ओळखते, हे ध्यानात ठेवून वाचा.

प्रश्न : माझ्या मोठ्या नणंदेच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. वय ५४. त्या शिक्षिका, लग्न केलेले नाही, आमच्यातच राहतात. सर्जननी स्तन ठेवून फक्त गाठ काढली. काखेतल्या लसिकाग्रंथींच्या दोन गाठी तपासल्या, त्या साफ आल्या. आम्ही सगळे सुटलो म्हणालो. बाराव्या दिवशी रिपोर्ट आला. त्यात ‘मेडियल मार्जिन : शाईवर ट्यूमर’ असे लिहिले आहे, बाकीच्या बाजू साफ. आता त्या बाजूला पुन्हा ऑपरेशन करायचे म्हणतात. दीर म्हणतात, पहिल्याने काम अर्धवट केले, आता इथे नको, कोकणकन्येची तिकिटे काढतो. सासूबाई म्हणतात, एकदा सुरी लागली तेवढी पुरे, परत लावली की पसरतो. आणि वन्सं स्वतः म्हणतात, नाहीतरी रेडिएशन द्यायचेच आहे, उरलेसुरले त्यात जळेल, गणपतीची चवथ तोंडावर आली आहे. कोणाचे ऐकावे? — एक भावजय, डिचोली

उत्तर : सर्जनचे. पण एवढेच लिहून थांबले तर संपादक मानधन देणार नाहीत, आणि तुमच्या घरातले तिघेही आपापल्या जागी बसून राहतील. तेव्हा आधी ती शाई काय भानगड आहे ते सांगते.

गाठ काढली म्हणजे नुसती गाठ येत नाही. तिच्याभोवतीची चरबी घेऊन मुठीएवढा एक तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीतून आमच्या टेबलावर येतो. सर्जनने त्याला दोरे बांधलेले असतात. आखूड दोरा वरच्या बाजूला, लांब दोरा बाहेरच्या, म्हणजे काखेकडच्या बाजूला, ही सर्वसाधारण पद्धत. दोन दोरे कळले की बाकीच्या बाजू आपोआप कळतात, घराचा दरवाजा आणि तुळशीवृंदावन कुठे ते कळले की चुलीची जागा कळते तशा. मग आम्ही त्या तुकड्याला रंगीत शाया लावतो. पुढे एक रंग, मागे दुसरा, असे सहा बाजूंना. माझ्या हातांची नखे नोकरीभर निळी-हिरवी असायची, आणि हळदीकुंकवाला गेले की बायका विचारायच्या, रंगकाम चालू आहे का घरी?

शाई वाळली की तुकडा कापायचा. कुळागरात सुपारीची अडकित्त्याने कातळी काढतो तशा चकत्या. त्यांतले निवडक भाग मेणाच्या ठोकळ्यात बसवायचे आणि त्या ठोकळ्यांतून केसाहूनही कितीतरी पातळ पापुद्रे काढून काचेवर घ्यायचे. आता सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की तुकड्याच्या कडेला शाईची एक बारीक रेघ दिसते. ती रेघ म्हणजे सर्जनची सुरी जिथून फिरली ती जागा. रेघेच्या आत आम्ही, पलीकडे तुमच्या वन्संच्या अंगात राहिलेला भाग. प्रश्न एकच असतो की कॅन्सरच्या पेशी त्या रेघेला टेकल्या आहेत का? टेकल्या असतील तर सुरी कॅन्सरमधून गेली, म्हणजे पलीकडेही काही राहिले असण्याची शक्यता आहे. शक्यता म्हणते आहे, खात्री नव्हे. यावर मडगावच्या बाईंना खाली वेगळे लिहिले आहे. मार्जिन म्हणजे कड, आणि मेडियल म्हणजे आतली, छातीच्या मधल्या हाडाकडची बाजू. तेवढीच बाजू टेकलेली आहे, म्हणजे तेवढीच पुन्हा काढायची.

आता दिरांचे. ‘अर्धवट काम’ हा शब्द मी इतक्यांदा ऐकला आहे की तो कोणी म्हणाले की मला त्या सर्जनची दया येते. टेबलावर सर्जनला कॅन्सर दिसत नाही हो. त्याला दिसते पिवळी चरबी, आणि बोटांना लागते ती घट्ट गाठ. पण कॅन्सरच्या कडा बोटांना लागतीलच असे नाही. काही वेळा गाठीच्या आजूबाजूच्या दूधनलिकांमध्ये रोग आतल्या आत सरकलेला असतो, त्याला आम्ही डीसीआयएस म्हणतो. तो हाताला लागत नाही, डोळ्याला दिसत नाही. लोब्युलर जातीच्या कॅन्सरमध्ये तर पेशी एकामागून एक रांगेत चरबीतून निघून जातात, वारीतल्यासारख्या, गाठ न करता. अशा ठिकाणी उत्तमातला उत्तम हातही कडेला लागतो.

आकडा हवा असेल तर देते. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांच्या नोंदींचा मोठा अभ्यास २०१२ मध्ये आला. स्तन ठेवून ऑपरेशन केलेल्या बायकांपैकी साधारण पाचातल्या एकीला दुसरे ऑपरेशन लागले होते. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या सर्जननी २३५ रुग्णांवर एक प्रयोग केला. गाठ काढून झाल्यावर निम्म्या जणींमध्ये त्याच वेळी पोकळीच्या भिंतीचा आणखी एक पातळ थर सगळीकडून खरवडून घेतला. २०१५ मध्ये निकाल छापला. नुसती गाठ काढलेल्यांत ३४ टक्के जणींच्या कडेला रोग राहिला, थर काढलेल्यांत १९ टक्के. दुसरे ऑपरेशन २१ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. म्हणजे एवढी काळजी घेऊनही दहातल्या एकीला परत जावेच लागले. दिरांना हा आकडा दाखवा. त्यांचा राग खोटा नाही, पण त्याची जागा चुकली आहे.

राग कुठे धरावा हेही सांगते, कारण मी अजून धरून आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका लहानशा खासगी इस्पितळातून माझ्याकडे स्तनाची गाठ आली ती मिठाईच्या प्लास्टिकच्या डब्यात, फॉर्मलिन तळाला जेमतेम, आणि दोरा एकही नाही. कडेला एका जागी रोग लागलेला मला स्वच्छ दिसत होता, पण ती जागा वरची, खालची, आतली की बाहेरची, हे सांगायला काही साधन नव्हते. फोन केला तर पलीकडून उत्तर, ‘मॅडम, तुम्हीच काय ते ठरवा.’ मी काय ठरवणार? त्या बाईंचे दुसरे ऑपरेशन सगळ्या बाजूंनी करावे लागले. एका बाजूचे काम चार बाजूंचे झाले आणि स्तन ठेवल्याचा अर्थ राहिला नाही. आणि माझाही हिशोब मांडते, म्हणजे एकांगी होणार नाही. उमेदवारीच्या काळात मीही अशा नमुन्यावर ‘कडांविषयी सांगता येत नाही’ एवढी ओळ लिहून, फोन न करता, घरी गेले आहे. रुग्ण दिसत नसला की असे होते.

तुमच्या वन्संच्या रिपोर्टात बाजूचे नाव आहे. म्हणजे दोरे होते, कोणीतरी नीट बांधले होते. पहिल्या सर्जनने काम कसे केले याचा हा पुरावा दिरांच्या हातातच आहे.

सासूबाईंचे म्हणणे गोव्यातल्या प्रत्येक घरात एकदा तरी ऐकू येते. सुरी लागली की पसरतो, वारा लागला की पसरतो. माझ्या आजीचेही तेच मत होते, आणि तिचे चुकत होते असे मी तिच्या तोंडावर कधी म्हणाले नाही. या समजुतीमागे एक खरी आठवण आहे. पूर्वी माणसे डॉक्टरकडे पोचायची तीच गाठ फुटायला आल्यावर. ऑपरेशन व्हायचे आणि माणूस सहा महिन्यांत जायचे. घरच्यांनी पाहिले काय, तर आधी सुरी, मग मरण. पण रोग आधीच यकृतात नाही तर हाडात गेलेला असायचा. हवेने किंवा सुरीने कॅन्सर भडकत नाही. सासूबाईंना वाद घालून पटणार नाही. त्यांना एवढेच सांगा की डॉक्टर नवीन जागा उघडत नाहीत, बहुतेक वेळा जुन्या टाक्यांतूनच आत जातात आणि राहिलेली बाजू उचलतात.

आणि आता वन्संचे, कारण तिघांत त्यांचा मुद्दा सर्वांत शहाणा आहे आणि म्हणूनच सर्वांत धोक्याचा. रेडिएशन उरलेले जाळते, हे खरेच आहे. अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झालेल्या बी-०६ चाचणीत, बर्नार्ड फिशर यांच्या पुढाकाराने, स्तन ठेवलेल्या बायकांना २० वर्षे पाहिले. नुसती गाठ काढलेल्यांपैकी ३९.२ टक्के जणींच्या त्याच स्तनात रोग परत आला, आणि गाठ काढून रेडिएशन दिलेल्यांपैकी १४.३ टक्के. फरक डोळ्यात भरण्यासारखा आहे. पण मेख अशी की हे आकडे ज्यांच्या कडा साफ होत्या त्या बायकांचे आहेत. रेडिएशनने तिथे जे मारले ते कडेच्या पलीकडे कुठे कुठे विखुरलेले, कोणाला न दिसलेले चिंधीभर कॅन्सर. सुरी कॅन्सरमधून गेली आहे हे कळूनही तसेच रेडिएशनवर सोडणे ही गोष्ट वेगळी.

ती वेगळी किती, हे मोजून झालेले आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सर सर्जनांच्या आणि रेडिएशन तज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्र बसून ३३ अभ्यासांतल्या २८,१६२ रुग्णांची माहिती तपासली. कडेच्या शाईवर ट्यूमर असेल तर त्याच स्तनात रोग परत येण्याची शक्यता निदान दुप्पट. त्या जागेला रेडिएशनचा जादा डोस दिला, हार्मोनच्या गोळ्या दिल्या, रोग मवाळ जातीचा असला, तरी ती दुप्पट पुसली गेली नाही. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी ६८ अभ्यास आणि १,१२,१४० रुग्ण एकत्र करून पुन्हा पाहिले. तेव्हा असे दिसले की कडेला रोग असलेल्यांत तो नुसता स्तनात नव्हे, दुसऱ्या अवयवांत उमटण्याचे प्रमाणही साधारण दुप्पट आहे.

‘परत आला तर तेव्हा परत कापू’ असे वन्सं पुढे म्हणणारच, शिक्षिका आहेत. त्यांना ऑक्सफर्डचा हिशोब सांगा. १७ चाचण्या, १०,८०१ बायका, २०११ चा अहवाल. स्तन ठेवल्यावर रेडिएशन दिल्याने पहिल्या दहा वर्षांत ज्यांचा रोग परत येणे टळले, अशा दर चार जणींमागे पंधराव्या वर्षापर्यंत एकीचा मृत्यू टळला. परत येणे हे नुसते दुसऱ्या कापण्याचे निमित्त नसते, चारात एक या भावाने ते जिवावर येते. त्यामुळे आता दोन टाके जास्त पडले तर पडू देत.

चवथीविषयी सर्जनला सरळ विचारा. ऑपरेशन आठ-दहा दिवस पुढे नेता येते का, पुढे केमो आहे का, त्याचे वेळापत्रक काय. हे विचारायला लाजू नका, सर्जनच्या घरीही गणपती असतो. फक्त ‘चवथ होऊ दे, मग दिवाळी होऊ दे’ असे करू नका. आणि माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळांची चौकट, बांधायला वन्संना या वर्षी स्टुलावर चढवू नका. काखेतल्या गाठी काढलेल्या आहेत, हात वर धरून तासभर नारळ, कवंडाळ आणि सुपारीचे घोस बांधणे त्या हाताला नको. खाली बसून ‘ते घोसाळे थोडे डावीकडे’ म्हणायला हरकत नाही. शिक्षकांना ते जमते.

मुंबईला जायचे तर जा, दुसरे मत घेणे हा अपमान नव्हे. पण नुसता कागद घेऊन बारा तासांचा प्रवास करू नका. मूळ पॅथॉलॉजी प्रयोगशाळेतून काचा आणि मेणाचे ठोकळे लेखी पावती देऊन मागून घ्या. टाटाला असो की आणखी कुठे, तिथला पॅथॉलॉजिस्ट आधी तेच मागतो. बरेचदा पेशंटला घरी ठेवून दिरांनी एकट्याने ठोकळे नेले तरी पुरते. आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचे, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेचे, कार्ड असेल तर दुसऱ्या ऑपरेशनला त्यातून काय मिळते ते दाखल होण्याआधी विचारा. मागून विचारणाऱ्याला खिडकीवरचे लोक नुसते बघतात.

प्रश्न : पत्नी वय ४७, गाठ काढली, रिपोर्टमध्ये सर्वांत जवळची कड १ मिलिमीटर आहे. डॉक्टर म्हणतात पुरे, आता रेडिएशन. पण पुण्याला माझा चुलतभाऊ औषध कंपनीत आहे. तो म्हणतो निदान १ सेंटिमीटर हवी. आम्ही ठरवले की धोका नको, पूर्ण स्तन काढून टाकावा. आमचा निर्णय बरोबर आहे ना? — एक वाचक, पेडणे

उत्तर : चुलतभावाचा नियम त्याने काढलेला नाही, तो जुना आहे. मी नोकरीला लागले तेव्हा प्रत्येक सर्जनचा आपला एक आकडा असायचा. एक म्हणायचा ५ मिलिमीटर, दुसरा म्हणायचा १ सेंटिमीटर, तिसरा म्हणायचा, बाई, तुम्ही ‘साफ’ लिहा म्हणजे झाले. कोणाकडेच त्याला आधार नव्हता. तो वर सांगितलेल्या २०१४ च्या बैठकीत शोधला, आणि असे निघाले की रेडिएशन मिळणार असेल तर नलिकेबाहेर पसरलेल्या कॅन्सरमध्ये शाईवर ट्यूमर नसणे एवढेच महत्त्वाचे. कड त्याहून जास्त रुंद घेतल्याने रोग परत येणे आणखी कमी होते असे दिसले नाही. २०२२ वाले थोडे सावध आहेत, ते निदान १ मिलिमीटर मागतात. तुमच्या पत्नीची तेवढी आहे. दोन्हीकडे पास.

वेगळा नियम आहे तो नुसत्या डीसीआयएससाठी, म्हणजे रोग नलिकेच्या आतच असेल तर. तिथे २०१६ पासून २ मिलिमीटर धरतात, कारण तो नलिकांमधून तुटक तुटक पळतो, मधे जागा सोडत. तुमच्या रिपोर्टात ‘इन्व्हेजिव्ह’, म्हणजे नलिकेबाहेर पसरलेला, असा शब्द आहे की नुसते डीसीआयएस, हे पत्रात नाही. बघून घ्या आणि डॉक्टरांना विचारा. आणखी एक विचारा की ती १ मिलिमीटरची कड कुठली? मागची असेल आणि सर्जन छातीच्या स्नायूवरच्या पडद्यापर्यंत पोचला असेल, किंवा पुढची असून वर कातडीच असेल, तर तिथे आणखी घ्यायला काही उरलेलेच नसते.

आता पूर्ण स्तन काढण्याचे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत हाल्स्टेड नावाच्या सर्जनने स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतले सगळे खरवडून काढायला सुरुवात केली, आणि पाऊणशे वर्षे जगाने तेच बरोबर मानले. जितके जास्त कापू तितके जास्त जगवू, हा विचार इतका साधा आहे की तो कोणालाही पटतो. मग मिलानला व्हेरोनेसी यांनी १९७३ पासून ७०१ बायकांची आणि फिशरनी त्या बी-०६ ची चाचणी घेतली. दोघांचे २० वर्षांचे निकाल २००२ मध्ये आले. स्तन काढलेल्या आणि गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या, दोघी सारख्याच जगल्या. स्तन काढला म्हणून आयुष्य वाढले नाही.

पूर्ण स्तन काढणे योग्य ठरते अशा जागा आहेत, नाही असे नाही. एकाच स्तनात लांब लांब रोग असेल, पुन्हा काढूनही कडा साफ होत नसतील, रेडिएशन देता येत नसेल, घराण्यातला जनुकीय दोष सापडला असेल. १ मिलिमीटर हे त्यांतले कारण नव्हे. आणि ज्या बाईला सगळे समजून घेऊनही पूर्ण काढणेच हवे असेल, तिचा तो हक्क आहे. म्हणून एक खोचक गोष्ट लिहिते, माफ करा. तुमच्या मूळ पत्रात ‘आम्ही ठरवले’ चार वेळा आले आहे. पत्नीला काय वाटते हे एकदाही नाही. चुलतभावाला फोन करण्याआधी तिला विचारले का? पुढचे पत्र तिच्या हातचे आले तर मला जास्त आनंद होईल.

प्रश्न : माझे दोनदा ऑपरेशन झाले. पहिल्यात कडेला रोग होता म्हणून दुसरे. दुसऱ्या तुकड्याच्या रिपोर्टात कॅन्सर अजिबात नाही. म्हणजे मला उगाच कापले ना? जखम चिघळल्याने केमोही लांबली. आता सारखे वाटते की दोनदा चिरल्यामुळे माझे आयुष्य कमी झाले. — एक बाई, मडगाव

उत्तर : उगाच नाही. पण तुम्हाला राग का येतो हे मला कळते. जे सापडले नाही त्यासाठी टाके सोसले.

असे पुष्कळ वेळा होते. कडेला टेकलेल्या पेशी कधी तेवढ्याच असतात, शेवटच्या. सुरी त्यांच्यातून गेली, पलीकडे काही नव्हते. कधी पलीकडे दोन-चार असतात त्या जखम भरताना शरीरच निस्तरत असावे. आणि एक प्रामाणिक गोष्ट सांगते. दुसऱ्या तुकड्याचाही प्रत्येक कण आम्ही पाहत नाही, निवडक चकत्या पाहतो. पहिल्या रिपोर्टच्या दिवशी हे आधी सांगणारे यंत्र कोणाकडेच नव्हते. भातखाचरात पाणी कुठून झिरपते हे बांध फोडून पाहिल्यावरच कळते, आणि पाहिल्यावर कोरडे निघाले तर शेतकरी ‘उगाच खणले’ म्हणत नाही, निर्धास्त झोपतो. तुमच्या बाबतीत तर ‘काही नाही’ हा सर्वांत चांगला निकाल आहे. दुसऱ्या तुकड्यात रोग सापडतो त्यांच्या स्तनात तो परत येण्याचा धोका थोडा जास्त दिसलेला आहे. तुम्ही त्यांच्यातल्या नाही.

आयुष्य कमी झाले का? मोजायची असते ती शेवटची कड. पहिल्या ऑपरेशनला साफ झाली की दुसऱ्याला, याने जगण्यात मोठा फरक पडतो असे नाही. शेवटी ती साफ असली आणि पुढचे उपचार नीट झाले म्हणजे झाले. दुसऱ्या ऑपरेशनची खरी किंमत तुम्ही मोजलीच आहे. स्तनाचा आकार, जखमेत साचणारे पाणी, संसर्ग, खर्च आणि रात्रीची झोप. उशीर हा त्यांतला खरा मुद्दा. कॅलिफोर्नियातल्या कॅन्सर नोंदींवरून २०१६ मध्ये दिसले की ऑपरेशननंतर केमोला ९० दिवसांहून जास्त वेळ लागला तर निकाल खालावतात, विशेषतः हार्मोनचे दोन रिसेप्टर आणि हर-टू नावाचे प्रथिन, ही तिन्ही नसलेल्या, म्हणजे ट्रिपल निगेटिव्ह जातीत. तुमच्या कागदांवरून पाहिले तर केमो साठाव्या दिवशी सुरू झाली आहे. तीन आठवडे गेले, पण उंबरठ्याच्या बऱ्याच आत आहात. आता त्या जखमेला दोष देत बसण्यापेक्षा रेडिएशनची तारीख चुकवू नका.

‘उगाच’ हा शब्द तुमच्या डोक्यातून मी पत्राने काढू शकणार नाही. तो दुसरा रिपोर्ट मात्र फाइलच्या सर्वांत वर ठेवा.

प्रश्न : आईचा रिपोर्ट तीन पानांचा आहे. त्यातले नेमके काय वाचायचे? — कॉलेजची विद्यार्थिनी, साखळी

उत्तर : आधी शेवटचा परिच्छेद, मग पहिला, मधले नंतर. रोग नलिकेबाहेर पडला आहे की आत आहे, गाठ किती मिलिमीटर, काखेतल्या किती गाठी पाहिल्या आणि किती बाधित, हार्मोन आणि हर-टू काय, हे सगळे शोध. कडांच्या ओळीत सहा बाजूंची नावे आणि प्रत्येकीपुढे अंतर असायला हवे. नुसते ‘कडा साफ’ असेल तर डॉक्टरांना विचार, किती साफ? कडेला रोग असेल तर तो एका ठिपक्यावर आहे की लांबवर पसरला आहे, आणि कडेला आहे तो इन्व्हेजिव्ह की डीसीआयएस, हेही विचार, कारण एकाच गाठीत दोन्ही असतात आणि सर्जनचा निर्णय त्यावर फिरतो. ‘नमुना ओरिएंटेड’ असे शब्द दिसले की समज, दोरे होते.

ज्यांना रिपोर्ट पाठवायचा आहे त्यांनी फोटो दिवसा, खिडकीजवळ काढावा. गेल्या महिन्यात म्हापशाहून एक रिपोर्ट आला होता. तीन पाने स्वच्छ, अक्षर न् अक्षर दिसत होते, आणि मार्जिनच्या ओळीवर नेमका कोणाचा तरी अंगठा.